प्रश्न फाटकाचा आहे

मार्च उजाडला की दरवर्षी एक फोटो फिरायला लागतो. विमानाच्या शिडीवर चार-पाच जणी उभ्या, खांद्यांवर सोनेरी पट्ट्या, आणि खाली ओळ: आजचं उड्डाण पूर्णपणे महिलांच्या हाती. लगेच दोन तट पडतात. एकीकडे ‘रणरागिणी’, ‘गगनाला गवसणी’, हात जोडलेल्या चिन्हांची रांग. दुसरीकडे ‘यात विशेष ते काय? विमानाला कुठे कळतं चालवणारा बाप्या आहे की बाई? गुणवत्ता बघा आणि ही नाटकं थांबवा.’ पुढे कुठे अपघात झाला, की कालपर्यंत ज्यांना बाई-पुरुष दिसतच नव्हते तेच सगळ्यांत आधी विचारतात, ‘कॉकपिटमध्ये बाई होती का हो?’ हा वाद वर्षानुवर्षं याच चाकोरीतून चालला आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी वाईट चालला आहे. दोघांचाही समज असा, की चर्चा बाईच्या अंगात काय आहे याची आहे. एकाच्या मते तिच्यात अफाट धाडस आहे, दुसऱ्याच्या मते तिच्यात वेगळं असं काहीच नाही. माझ्या मते हा वाद विमानतळाच्या फाटकाचा आहे. ते कोण उघडतं, कोणासाठी उघडतं, आणि आत यायला कोणाला किती मोजावं लागतं, एवढाच त्यातला खरा प्रश्न आहे. बाकी सगळी शोभा.

हे शहाणपण माझं नाही. शंभर वर्षांपूर्वी शिकागोच्या एका केशकर्तनालयात गिऱ्हाइकांची नखं घासून देणाऱ्या बाईला ते पक्कं कळलेलं होतं. तिचं नाव बेसी कोलमन. जन्म 1892 चा, टेक्सासमधला. आई लोकांची धुणी धुणारी, तेरा लेकरांचं घर, हंगामात सगळ्यांनी कापूस वेचायचा, शाळा एका खोलीची आणि तीही चार मैलांवर. पुढे ओक्लाहोमातल्या कॉलेजात एक सत्र काढलं आणि गाठीचे पैसे संपले. मग ती भावांकडे शिकागोला आली आणि नखं घासायला बसली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आलेला भाऊ जॉन एकदा तिला चिडवायला म्हणाला, की तिकडच्या बायका विमानं चालवतात, तुम्हा काळ्या बायकांना ते जमायचं नाही. यातली पहिली अर्धी गोष्ट तरी खरी होती. रेमंड द लारोश या फ्रेंच बाईने 1910 सालीच वैमानिकाचा परवाना मिळवला होता, आणि तोही बरोबर 8 मार्चला. (महिला दिनाची पोस्टरं करणाऱ्यांच्या हातून ही तारीख कशी निसटली कोण जाणे.)

बेसीने अमेरिकेतल्या विमानशाळांचे उंबरे झिजवले. बाई म्हणून नकार, काळी म्हणून नकार. कुठला नकार कशासाठी हे सांगण्याचीही कुणी तसदी घेतली नाही. ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट अ‍ॅबट यांनी तिला सल्ला दिला: फ्रेंच शीक आणि फ्रान्सला जा. ती भाषा शिकली, पैसे साठवले, अ‍ॅबट आणि जेसी बिंगा नावाच्या कृष्णवर्णीय बँकवाल्याने मदत केली, आणि नोव्हेंबर 1920 मध्ये ती बोटीत बसली. उत्तर फ्रान्समध्ये समुद्रकाठी ल क्रोतॉय नावाचं गाव आहे, तिथे कोद्रों बंधूंची विमानशाळा होती. राहण्याच्या जागेपासून मैदान इतकं लांब की रोज नऊ मैल चालावं लागे, असं ती पुढे सांगायची. शिकायचं ते न्यूपोर जातीच्या दुपंखी विमानावर. लाकूड, तारा आणि कापड यांचं ते प्रकरण. स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही. पुढ्यात बेसबॉलच्या बॅटीएवढा जाड उभा दांडा, पायांखाली आडवी पट्टी. जमिनीला टेकल्यावर शेपटीखालचा दांडका माती खरडत जायचा तेव्हा कुठे ते थांबायचं. उडण्याआधी दर वेळी प्रत्येक तार, प्रत्येक सांधा हाताने चाचपून बघायचा, कारण त्यातलं काय कधी सुटेल याचा भरवसा नाही. बरोबरचा एक विद्यार्थी कोसळून मेलेला तिने पाहिला. तरी दहा महिन्यांचा अभ्यासक्रम तिने सातात उरकला आणि 15 जून 1921 ला आंतरराष्ट्रीय परवाना हातात घेतला. असा परवाना मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

इथपर्यंतची गोष्ट कौतुकवाल्यांच्या फार सोयीची आहे. गरिबी, जिद्द, समुद्र ओलांडणं, शेवटी यश. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलीला चामडी टोपी आणि गॉगल घालून उभं करावं, एवढी ती चपखल बसते. मी तिचं धाडस नाकारत नाही. त्या तारा-कापडाच्या सांगाड्यात बसायला माझी तरी छाती झाली नसती. पण गोष्ट अशी सांगितली की एक प्रश्न अलगद गळून पडतो. विमान जन्माला आलं अमेरिकेत, 1903 साली. त्या देशाच्या मुलीला विमान शिकायला परमुलखात का जावं लागलं? आपण बेसीची पाठ थोपटतो तेव्हा तिला नकार देणाऱ्या शाळा बाजूला उभ्या राहून आपल्याबरोबर टाळ्या वाजवतात, आणि त्यांना कुणी काही विचारत नाही.

मराठी माणसाला हे नवीन वाटू नये. आनंदीबाई जोशी 1883 साली बोटीने अमेरिकेला गेल्या. निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला (सेरामपूर) त्यांनी इंग्रजीत जाहीर भाषण केलं आणि आपण का जातो आहोत याची कारणं मुद्देसूद मांडली. बाईला डॉक्टर होण्याची धड सोय आपल्याकडे नाही, हे त्यातलं मुख्य कारण. म्हणजे जी गोष्ट आपण साहसकथा म्हणून सांगतो, ती त्यांनी स्वतः तक्रार म्हणून मांडली होती. 1886 मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाहून पदवी घेतली, कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी ठरली, आणि ती हाती घेण्याआधीच फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात त्या गेल्या. वय पुरतं बावीसही नव्हतं. तेव्हापासून आपण त्यांच्या धैर्याचे पोवाडे गातो आहोत. परदेशातली थंडी, आहार, क्षय यांच्या खाईत एका पोरवयाच्या बाईला ढकलणारी जी गैरसोय होती, तिचा पोवाडा कोण गाणार? आणि टेक्सासच्या कापूसमळ्यातली मुलगी आपल्याला इतकी परकी का वाटावी? 1873 साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेत काळ्यांची गुलामी मोडून काढणाऱ्या लोकांना. तिकडचं कुलूप आणि इकडचं कुलूप एकाच लोहाराचं आहे, हे जोतीरावांना बेसीच्या जन्माआधी एकोणीस वर्षं दिसलं होतं.

बेसीची दृष्टी कळायला आकाशातल्या कोलांट्या बघून भागत नाही, जमिनीवरचं एक भांडण बघावं लागतं. परत आल्यावर ती कसरतींचे खेळ करायची. जिथे तिचं बालपण गेलं त्या वॅक्साहाची गावी खेळ ठरला. आयोजकांनी दोन फाटकं केली, एक गोऱ्यांना, एक काळ्यांना. टेक्सासात तेव्हा तीच रीत होती. बेसीने सांगितलं, फाटक एकच असेल तर मी उडेन, नाहीतर नाही. पुष्कळ घासाघीस झाली. शेवटी फाटक एक झालं. आत गेल्यावर मात्र बसायच्या जागा वेगळ्याच राहिल्या. हा तपशील तिचे भक्त बहुधा गाळतात. मला तोच महत्त्वाचा वाटतो. तिला संपूर्ण विजय मिळाला नाही हे तिलाही माहीत होतं. पण आपल्याकडे दुसऱ्याला हवं असं काय आहे (तर आपलं उडणं), ते कुठे अडवून धरायचं (तर आत येण्याच्या जागी), आणि एका दुपारी पदरात किती पडू शकतं, याचा हिशेब तिने केला होता. त्याच दशकात, 1927 च्या मार्चमध्ये, महाडला चवदार तळ्यावर माणसं ओंजळभर पाणी प्यायला गेली. त्या पाण्याची चव घ्यायला ती गेली नव्हती, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. मग बेसीचं फाटक समजायला इतकं जड का जातं? तिच्या चरित्रात आपण गिरक्या आणि कोलांट्या मोजत बसतो.

दुसरा प्रसंग चित्रपटाचा. कृष्णवर्णीयांच्याच एका चित्रपट कंपनीने तिला प्रमुख भूमिका देऊ केली होती. पैशांची तिला निकड होती, आणि प्रसिद्धी तर तिच्या धंद्याचं भांडवलच. पहिल्या प्रसंगात फाटके कपडे, हातात काठी, पाठीवर गाठोडं अशी खेड्यातून शहरात येणारी भोळी काळी पोर दाखवायची आहे हे कळलं, आणि ती उठून निघून गेली. वृत्तपत्रांतले तिचे पाठीराखेसुद्धा चिडले, तिला लहरी म्हणाले. विमानातून उडी मारणारीचं धैर्य सगळ्यांना दिसतं, कारण ते बघायला तिकीट असतं. करार मोडून, हातातले पैसे सोडून चालू लागणारीच्या धैर्याला ‘तापट स्वभाव’ म्हणतात.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं ऐकायला हवं, आणि ते पोकळ नाही. पहिला आक्षेप तिच्यावरच. बेसी प्रसिद्धीची भुकेली होती, वय चार वर्षांनी कमी सांगायची, वार्ताहरांना तिखटमीठ लावून गोष्टी सांगायची, आणि मेली ती बेफिकिरीमुळे. यातलं बरंच खरं आहे. 30 एप्रिल 1926 च्या सकाळी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला ती मेकॅनिक विल्यम विल्सबरोबर वर गेली. दुसऱ्या दिवशी पॅराशूटने कुठे उडी घ्यायची ती जागा हेरायची होती. विमान विल्स चालवत होता. कडेवरून वाकून खालचं नीट दिसावं म्हणून तिने पट्टा बांधला नव्हता. विमान एकाएकी नाक खाली करून सुसाट निघालं, उलटलं, आणि ती बाहेर फेकली गेली. विल्स विमानाबरोबर गेला. नंतर आढळलं, की सुटा राहिलेला एक पान्हा नियंत्रणाच्या यंत्रणेत जाऊन अडकला होता. ती 34 वर्षांची होती. पट्टा न बांधणं ही चूक होती, त्याची सारवासारव करू नये. पण ते विमान कोणतं होतं तेही बघा: युद्धानंतर मोडीत निघालेलं जुनं ‘जेनी’. डॅलसहून ते आणताना विल्सला वाटेत आधीच नाइलाजाने खाली उतरवावं लागलं होतं. तिला परवडणारं विमान तेवढंच होतं. त्या काळात असल्या खेळांत गोरे पुरुषही पटापट मरत होते. ते मेले तेव्हा ‘पुरुषांनी विमानाच्या वाटेला जाऊ नये’ असा अग्रलेख कुणी लिहिल्याचं ऐकिवात नाही. पुरुष कोसळला तर यंत्र खराब, वारा वाईट. बाई कोसळली तर ‘कुणी सांगितलं होतं?’ तिची चूक तिच्या एकटीच्या खात्यावर राहत नाही, सगळ्या बायकांच्या खात्यावर चढते. राहिली प्रसिद्धीची भूक. तिला पैसे जमवायचे होते, आणि ते कशासाठी हेही ती उघड सांगत असे. तिला कृष्णवर्णीयांसाठी विमानशाळा काढायची होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोजता कशाला? डॉक्टर म्हणजे डॉक्टर, वैमानिक म्हणजे वैमानिक. ‘महिला’ हे विशेषण चिकटवणं हाच अपमान. अनेक वैमानिक बायकांनाही हे मनापासून वाटतं, आणि त्यांचं चूक नाही. बेसीच्या नावावरही एक वाक्य सांगितलं जातं, की पूर्वग्रहांपासून मुक्त अशी हवा ही एकच जागा आहे. ‘आकाशाला लिंग नसतं’ म्हणणाऱ्यांना हे तर आयतं कोलीतच. पण हे वाक्य बोलणारी बाई खाली उतरली की काय करत होती? फाटकं मोजत होती. हवेला काही कळत नाही म्हणून तर जमिनीवरचा हिशेब डोळ्यांत भरतो. जॅनेट ब्रॅग ही शिकागोची कृष्णवर्णीय परिचारिका 1930 च्या दशकात विमान शिकली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराच्या मदतीसाठी उभारलेल्या महिला वैमानिकांच्या दलाकडे तिने अर्ज केला, आणि कातडीच्या रंगावरून तो फेटाळला गेला. मग ती अलाबामातल्या टस्कीगीला, जिथे कृष्णवर्णीय वैमानिक तयार होत, तिथे जाऊन व्यावसायिक परवान्याची उड्डाण-चाचणी उत्तम देऊन आली. तपासनिसाने परवाना दिला नाही. शिकागोत परत येऊन तीच चाचणी तिने पुन्हा दिली आणि परवाना घेतला. गुणवत्ता दोन्ही ठिकाणी तीच होती ना? आपल्याकडे प्रेम माथुर यांनी अलाहाबादला व्यावसायिक परवाना मिळवला, तरी एकामागून एक विमान कंपन्या नाही म्हणत गेल्या. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना घेतलं, तेही सहवैमानिक म्हणून. विमानाची कमांड काही दिली नाही. 1949 ची राष्ट्रीय हवाई शर्यत मात्र याच बाईंनी जिंकली. गुणवत्ता बघा म्हणणाऱ्यांनी ती बघितली होती. बघूनही नाही म्हटलं होतं.

तिसरं म्हणणं कौतुकवाल्यांचं, आणि ते सर्वांत प्रेमळ असल्यामुळे खोडायला सर्वांत कठीण. एक जण वाट पाडते, तिला बघून दुसऱ्या येतात. म्हणून आदर्श हवेत, पोस्टरं हवीत. अगदी कबूल. बेसी गेल्यावर तीन वर्षांत विल्यम पॉवेलने लॉस एंजेलिसला तिच्या नावाचा विमान क्लब काढला. शिकागोचे कृष्णवर्णीय वैमानिक तिच्या थडग्यावरून उडत फुलं टाकायला लागले. स्फूर्ती ही खरी गोष्ट आहे, पण तिचा वेग बघा. अमेरिकेतच शिकून तिथलाच परवाना मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून विला ब्राउनचं नाव घेतात. साल 1938. बेसीच्या परवान्यानंतर तब्बल सतरा वर्षं! मधल्या काळात बेसीचं नाव माहीत असलेल्या हुशार मुली नव्हत्या का? ढिगाने असतील, त्यांना शिकवणारं कुणी नव्हतं. विला ब्राउनने कॉर्नेलियस कॉफीबरोबर शिकागोत विमानशाळा उभी केली, वॉशिंग्टनकडे तगादा लावून सरकारच्या नागरी वैमानिक प्रशिक्षण योजनेचा पैसा त्या शाळेकडे वळवला, आणि तिथून दरवर्षी मुलं-मुली बाहेर पडू लागली. टस्कीगीत लढाऊ वैमानिक झालेले कित्येक जण आधी या शाळेत शिकले. बेसीच्या डोक्यातली शाळा ती हीच, फक्त ती बघायला बेसी राहिली नव्हती. आज विला ब्राउनचं नाव किती जणांना माहीत आहे? तिच्या नशिबी कोलांट्या नव्हत्या, अर्ज होते, अनुदानाच्या फायली होत्या, विद्यार्थ्यांची हजेरी होती. पोस्टरला असलं काही चालत नाही.

सरला ठुकराल यांच्या बाबतीत आपण तेच केलं. 1936 साली, एकविसाव्या वर्षी, लाहोरला त्यांनी जिप्सी मॉथ जातीचं विमान एकटीने उडवलं. घरी चार वर्षांची मुलगी होती. अंगावर साडी होती. ही साडी आपल्या लिखाणात इतकी फडफडते की मागचं विमान दिसेनासं होतं. पुढचं फार कुणी सांगत नाही. 1939 मध्ये वैमानिक असलेले त्यांचे पती अपघातात गेले. सरलाबाई व्यावसायिक परवान्यासाठी जोधपूरला शिकायच्या तयारीत होत्या, तोच महायुद्ध आलं आणि नागरी प्रशिक्षण बंद पडलं. त्यांनी लाहोरच्या कलाशाळेत नाव घातलं, आणि फाळणीनंतर दिल्लीत येऊन कपड्यांच्या, दागिन्यांच्या नक्षीकामावर यशस्वी धंदा उभारला. धाडस त्यांच्यात 1936 ला जेवढं होतं तेवढंच नंतरही असणार. कमी पडलं ते शिकवणाऱ्यांकडून. आपण साडी ठेवून घेतली आणि बंद पडलेला वर्ग विसरलो.

‘काळ बदलतोय, आपोआप होईल’ असं म्हणणाऱ्यांसाठी एकच उदाहरण पुरे. हेलन रिची ही गोरी अमेरिकन वैमानिक 1934 च्या अखेरीस सेंट्रल एअरलाइन्समध्ये लागली. वैमानिकांच्या संघटनेने तिला सभासद करून घेतलं नाही. तिला फक्त स्वच्छ हवेत उडू द्यावं, असा सरकारी खात्याचा सूर होता. वर्षभरात कंटाळून तिने राजीनामा दिला. त्यानंतर अमेरिकेतल्या मोठ्या प्रवासी कंपनीने बाईला कायम वैमानिक म्हणून घेतलं ते 1973 मध्ये, एमिली वॉर्नरला. मधल्या अडतीस वर्षांत माणूस चंद्रावर जाऊन आला.

मग भारताचं काय? इथे विरोधकांच्या हातात हुकमाचं पान आहे. संसदेत सरकारने सांगितलेल्या आकड्यानुसार आपल्या वैमानिकांत सुमारे 15 टक्के बायका आहेत. जगाची सरासरी 5 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आपण जिंकलोच की! या आकड्याचा मलाही अभिमान आहे. 1985 मध्ये सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांच्यासह कलकत्ता-सिलचर फोकर फ्रेंडशिप विमान नेलं, त्याला चाळीस वर्षं झाली. प्रेम माथुरांना न मिळालेली कमांड तेव्हा एका मराठी बाईच्या हातात होती. पण हे पान उलटून बघा. हवाई दलाने बायकांना उड्डाणासाठी घेतलं ते 1990 नंतरच्या दशकात, धोरण बदलल्यावर. 1999 मध्ये गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन कारगिलवर चीता हेलिकॉप्टर उडवत होत्या, तरी लढाऊ विमानाचं दार 2016 पर्यंत बंदच होतं. 2015 च्या अखेरीस आदेश निघाला आणि मगच अवनी चतुर्वेदी, भावना कांत, मोहना सिंग आत गेल्या. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या एनडीएचा दरवाजा सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये मुलींसाठी उघडायला लावला, आणि मे 2025 मध्ये पहिल्या 17 मुली तिथून बाहेर पडल्या. 2021 च्या आधी या देशातल्या मुलींत धाडस नव्हतं का? की निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकदम उगवलं?

राहता राहिलं आजचं फाटक, आणि ते दिसत नाही कारण त्यावर पाटी नाही. व्यावसायिक परवान्याला किमान 200 तासांचं उड्डाण लागतं. शिकवणी, पेट्रोल, राहणं-खाणं आणि नंतर विशिष्ट विमानाचं वेगळं प्रशिक्षण धरलं, तर खर्च पन्नास लाखांच्या खाली क्वचितच थांबतो. कर्जाला तारण लागतं. मुलासाठी घर गहाण टाकणारा बाप मुलीसाठी टाकेल का? टाकणारे आहेत, भेटतातही. पण त्यांच्याकडे गहाण टाकायला घर असतं. बारामतीत विमानशाळा आहे, गोंदियात आहे, धुळ्यात आहे. बारामतीच्या माळावरून शिकाऊ विमान घिरट्या घालत उसावरून जातं, खाली खुरपणारी पोरं मान वर करून बघतात. विमान दिसतं रोज, शाळेची फी ऐकली की मान खाली. यवतमाळात कापूस वेचणाऱ्या बाईची मुलगी आज बेसी व्हायला निघाली, तर तिला जातीवरून किंवा बाई म्हणून फाटकावर कुणी हटकणार नाही. फी-पत्रक हातात देतील, हसून, चहा विचारून. बेसीकडे निदान अ‍ॅबट आणि बिंगा होते. बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवायला सयाजीराव होते. कुणा श्रीमंताच्या दारी जाऊन उभं राहिल्याशिवाय उडता येऊ नये, हीच का आपली 15 टक्क्यांची भरारी?

यावर कुणी म्हणेल, की विमान शिकणं महागच असतं, मुलालाही तेवढेच पैसे पडतात. पडतात. म्हणूनच बेसीच्या डोक्यातली शाळा फक्त बायकांसाठी नव्हती. कापसाच्या शेतातून येणाऱ्या प्रत्येकासाठी होती. मुलीच्या वाट्याला मात्र त्या महागाईवर आणखी एक तुलना येते, तिच्या लग्नाच्या खर्चाशी. मुलाच्या विमानाची तुलना घरात कुणी कशाशीच करत नाही.

तेव्हा येत्या 8 मार्चला विमान कंपन्यांनी शिडीवरचा फोटो खुशाल टाकावा, मी तोही आवडीने बघेन. त्याखाली काही आकडे मात्र द्यावेत: कंपनीतल्या किती जणी कमांडर आहेत, किती जणी इतरांना शिकवतात, बाळंतपणानंतर किती जणी परत कॉकपिटमध्ये आल्या, आणि त्यांच्यातल्या किती जणींच्या आया शेतात जातात. शेवटच्या रकान्यात बहुधा शून्य येईल. ते छापायची तयारी कुठली कंपनी दाखवते, तेवढं बघू.